दुपारची झोप, रात्रीचाच नियम

सकाळी खांदेश्वर स्टेशन गाठायच्या घाईत एखादी आई बाळाला आजीकडे किंवा पाळणाघरात सोपवते. दूध, दुपटी, लंगोट सगळं पिशवीत दिलेलं असतं. बाळाला दुपारी निजवायचं कसं, एवढंच सांगायचं राहून जातं.

बाळाला उताणं निजवावं, सपाट आणि कडक अंथरुणावर. जमिनीवर पातळ सतरंजी आणि वर ताणून घातलेली चादर पुरते. उशी नको, डोकं गोल व्हावं म्हणून देतात ती मोहरीचीही नको. लोड, मऊ खेळणी, तोंडावर येणारं पांघरूण नको. झोपताना टोपरं काढावं.

‘उताणं निजलं तर दूध घशात अडकेल,’ असं आजी म्हणतात. ही काळजी मायेपोटीच असते. पण उताण्या बाळाची श्वासनलिका अन्ननलिकेच्या वर असते, त्यामुळे वर आलेलं दूध श्वासनलिकेत सहसा जात नाही. ब्रिटनमध्ये १९९१ साली बाळांना उताणं निजवण्याची मोहीम झाली आणि काही वर्षांतच झोपेतले अचानक मृत्यू निम्म्याहून कमी झाले.

घरी उताणं झोपणाऱ्या बाळाला दुसऱ्या कोणी अचानक पालथं निजवलं, तर धोका आणखी वाढतो. म्हणून जिथे बाळ जाईल तिथे हा नियमही गेला पाहिजे. पालथं खेळवावं ते बाळ जागं असताना, समोर बसून.

लुगड्याची झोळी आपल्या घरोघरची. पण तिच्यात तान्ह्या बाळाची मान दुमडते, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट अरुंद होते. रडं थांबवायला डोळ्यांदेखत झोका द्या, डोळा लागला की खाली सपाट ठेवा. बाळाला छातीशी घेऊन सोफ्यावर डुलकी काढणं तर फारच धोक्याचं.

हा धोका दुसऱ्या ते चौथ्या महिन्यात सर्वांत जास्त असतो. २०१७ च्या कायदादुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी प्रसूतीची पगारी रजा २६ आठवड्यांची झाली, म्हणून अनेक नोकरदार आयांना हा काळ घरी काढता येतो. धुणीभांडी करणाऱ्या, भाजी विकणाऱ्या आईला अशी रजा कुठली? तिचं बाळ दोन-तीन महिन्यांतच शेजारणीकडे किंवा थोरल्या बहिणीकडे येतं. त्या बहिणीलाही हे समजावून सांगा.

उताणं, सपाट, मोकळं आणि नजरेसमोर. उद्या पिशवी हाती देताना एवढं सांगा, मगच गाडी गाठा.