घरातील यंत्रे आणि आपला हिशेब

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या समारंभात केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी विषय विचारला तेव्हा मी 'घरातील यंत्रे' असे सांगितले. त्या जरा हसल्या. त्यांना वाटले असेल, की यंत्रांवर बोलायचे ते पुरुषांनी. आपण बोलावे लोणच्यांवर नाहीतर मुलांच्या अभ्यासावर. परंतु विचार करा. मिक्सर, फ्रीज, वॉशिंग मशीन, गीझर, पाण्याचा फिल्टर, ही यंत्रे चालवते कोण? आणि ती बंद पडली म्हणजे निस्तरते कोण? मग त्यांच्याविषयी बोलण्याचा पहिला मानही आपलाच नाही का?

यंत्रे आपल्याला परकी नाहीत. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना निघाला. पुढे १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पिंपरी, चिंचवड, भोसरी, आकुर्डी हा सारा मुलूख कारखान्यांचा झाला. अलीकडे ती वाट चाकणपर्यंत पोहोचली आहे. आपल्यापैकी प्रत्येकीच्या घरात कोणी ना कोणी लेथवर, प्रेसवर नाहीतर असेंब्ली लाइनवर उभे राहिलेले आहे. आता तर आपल्या मुली आणि सुनाही पहाटेच्या बसने चाकणला जातात.

माझे यजमान भोसरीच्या एका कारखान्यात मेंटेनन्स खात्यात तीस वर्षे होते. कारखान्यात नवे यंत्र घ्यायचे म्हणजे काय सोहळा असतो, ते मी त्यांच्या तोंडून पुष्कळ वेळा ऐकले आहे. यंत्र किती वर्षे चालेल? त्याचे सुटे भाग कोठे मिळतील? किती दिवसांत मिळतील? ते उघडता येते का? आपल्या माणसांना दुरुस्त करता येईल का? एवढ्या प्रश्नांची उत्तरे कागदावर आल्याशिवाय खरेदीच्या कागदावर सही होत नसे. यंत्र आल्यावर त्याच्या नावाचे एक कार्ड तयार होई. तेल केव्हा दिले, पट्टा केव्हा बदलला, बेअरिंग केव्हा गेले, सर्व त्यात लिहिलेले असे. यजमान म्हणत, "यंत्राची खरी किंमत बिलावर नसते, ते बंद पडून राहते त्या दिवसांत असते."

आता याच माणसांना घेऊन आपण सणासुदीला दुकानात जातो तेव्हा काय होते, ते पाहा. दिव्यांच्या झगमगाटात यंत्रे ओळीने मांडलेली असतात. विक्रेता तरुण मुलगा मोठ्या अदबीने सांगतो, "काकू, हे स्मार्ट मशीन आहे. तुम्ही ऑफिसातून मोबाईलवर चालू करू शकता." त्या मुलाला मी एकदा विचारले, "अरे बाळा, चालू मी कोठूनही करीन. पण कपडे मशीनमध्ये घालायला आणि बाहेर काढून वाळत टाकायला तुझा मोबाईल येणार आहे का?" तो बिचारा लाजला. परंतु त्या एका शब्दापायी किंमत दहा-पंधरा हजारांनी वाढलेली असते, आणि हप्त्यांची सोय असल्यामुळे ती वाढ आपल्याला जाणवतही नाही.

आमच्या घरी असेच एक वॉशिंग मशीन आले. कंपनीचे नाव मी घेत नाही. बिल जपून ठेवले होते, स्टॅबिलायझर लावला होता, माणूस सांगेल तशी वापरली होती. चौथ्या वर्षी एका सकाळी ते मुके झाले. दिवे लागत, पण ढोल फिरेना. कंपनीचा माणूस चार दिवसांनी आला, भेटीचे पैसे आधी घेतले आणि म्हणाला, "बोर्ड गेला." मी म्हटले, "दहा वर्षांची हमी आहे ना?" तो म्हणाला, "मॅडम, ती मोटारीची. मोटार उत्तम आहे." म्हणजे जे बिघडत नाही त्याची हमी दहा वर्षांची, आणि जे बिघडते त्याची दोन वर्षांची! बोर्डाचे अकरा हजार सांगितले आणि तो यायला सहा आठवडे. वर सल्ला असा, की आणखी थोडे पैसे घालून नवीनच घ्या.

ते सहा आठवडे कोणाच्या अंगावर पडले? माझी सून चाकणला पहिल्या शिफ्टला जाते. पहाटे पाचला घर सोडते. आपल्याकडे २०१९ च्या नोव्हेंबरपासून पाणी दिवसाआड सुरू झाले, हे आपण जाणताच. ज्या दिवशी पाणी त्या दिवशी धुणे, मग ती कितीही दमून आलेली असो. रात्री दहा वाजता मोरीत बसून चार माणसांचे कपडे घासणाऱ्या त्या मुलीकडे पाहून मला यजमानांचे वाक्य आठवले. बंद पडलेल्या यंत्राची किंमत ती मुलगी मनगटाने भरीत होती. भगिनींनो, प्रश्न केवळ पैशांचा नाही. यंत्र बंद पडते तेव्हा घरातील काम बंद पडत नाही. ते फक्त यंत्रावरून उतरून बाईच्या पाठीवर येते.

ही यंत्रे लवकर का बिघडतात? मी चार-पाच मेकॅनिकांशी बोलले. त्यांच्याकडून जे कळले ते थोडक्यात सांगते.

पहिली गोष्ट या बोर्डाची. जुन्या मशीनमध्ये मोटार, पट्टा, कपॅसिटर आणि चावीचा टायमर असे. त्यांतले एक गेले तर तेवढेच शेदोनशे रुपयांत बदलता येई. आता साऱ्याचा कारभार एका इलेक्ट्रॉनिक बोर्डाकडे असतो. विजेचा दाब अचानक वाढला, बाथरूमची दमट हवा लागली, मुंग्या शिरल्या, नाहीतर एखादी पाल ऊब शोधीत आत जाऊन बसली, तर बोर्ड जातो आणि त्याबरोबर सारे यंत्र. आपल्या औद्योगिक पट्ट्यात गुरुवारी वीज जाते आणि येते; ती येताना सावकाश येत नाही, झटक्याने येते. त्यात बोअरचे किंवा टँकरचे जड पाणी वापरावे लागले, तर मशीनच्या हीटरवर क्षारांचा थर चढतो तो निराळाच.

दुसरी गोष्ट अशी, की यंत्रे उघडता येऊ नयेत अशीच बांधलेली असतात. पुढून दार असलेल्या पुष्कळ मशीनमध्ये ढोलाभोवतीचे प्लॅस्टिकचे पिंप दोन अर्धे चिकटवून कायमचे बंद करतात. आतले बेअरिंग गेले, की बेअरिंग बदलता येत नाही. सबंध पिंपच बदलावे लागते, आणि त्याची किंमत ऐकून माणूस मशीन मोडीत काढतो. ज्या चिंचवडात एसकेएफचा बेअरिंगचा कारखाना उभा आहे, त्याच चिंचवडात एका बेअरिंगपायी सबंध मशीन भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढते, याला काय म्हणावे!

तिसरी गोष्ट या 'स्मार्ट'पणाचीच. अशा यंत्राचा अर्धा मेंदू आपल्या घरात नसतोच. तो कंपनीच्या दूरच्या संगणकात असतो. कंपनीने तो बंद केला, की घरचे यंत्र अडते. अमेरिकेत रिव्हॉल्व्ह नावाचे एक उपकरण होते. घरातील दिवे, कुलपे वगैरे एका ठिकाणाहून चालवण्यासाठी लोकांनी ते तीनशे डॉलर देऊन घेतले. २०१४ साली नेस्ट कंपनीने तो उद्योग विकत घेतला आणि २०१६ च्या मे महिन्यात त्याची सेवा बंद केली. उपकरण मोडले नव्हते, जळले नव्हते. तरी ते निरुपयोगी झाले. पैसे देऊन घेतलेली वस्तू आपली नसून जणू भाड्याची होती, हे लोकांना त्या दिवशी कळले.

माझे बोलणे ऐकून कोणी म्हणेल, की काकूंना पुन्हा पाटा-वरवंटा हवा आहे. छे! पाट्यावर मी पुरणही वाटले आहे आणि चटणीही. त्याचे कौतुक लांबून करावे. यंत्राने बाईचा जन्म सुखाचा केला, यात मला शंका नाही. माझे म्हणणे एवढेच, की यंत्र आपल्या कामाला उतरणारे हवे. मुंबईला सत्यप्रकाश माथूर नावाचे एक इंजिनियर होते. त्यांच्या पत्नीजवळ जर्मनीचा मिक्सर होता. तो जळाला आणि येथे त्याच्या दुरुस्तीची सोय नव्हती. तेव्हा आपल्या डाळी, हळकुंडे, सुके खोबरे यांना पुरून उरेल अशा दमदार मोटारीचा मिक्सर माथूरांनी स्वतःच तयार केला. १९६० च्या दशकात निघालेला तोच हा 'सुमीत'. आपल्यापैकी कित्येकींनी तो वीस-वीस वर्षे वापरला आहे, आणि त्याचे ब्रश व कपलर कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत. टिकाऊ यंत्र बनवता येते ते असे. फक्त बनवणाऱ्याला स्वयंपाकघराची जाण हवी, आणि घेणारीने तसा आग्रह धरायला हवा.

मग आपण काय करावे? प्रथम एक गैरसमज दूर करू. यंत्रावर जे तारे छापलेले असतात ते विजेच्या बचतीचे असतात, टिकाऊपणाचे नव्हेत. पाच ताऱ्यांचा फ्रीज वीज कमी खाईल. तो पंधरा वर्षे चालेल असे तो कागद सांगत नाही. वर्षाला किती युनिट लागतील हे त्यावर लिहिलेले असते, ते अवश्य वाचावे. पण टिकाऊपणाची चौकशी आपली आपणच करायची.

त्यासाठी दुकानात पाच प्रश्न विचारावेत. बोर्डाची किंमत किती आणि तो किती वर्षे मिळत राहील? हमी कोणत्या भागाला किती वर्षांची, आणि त्यात मजुरी व भेटीचे पैसे धरले आहेत का? इंटरनेट नसताना यंत्राची सारी कामे होतात का? दुरुस्तीचे केंद्र आपल्या भागात आहे का? आणि बेअरिंग, पंप, हीटर हे भाग सुटे बदलता येतात का? उत्तरे बिलावर लिहून मागावीत. घराजवळच्या मेकॅनिकलाही आधी विचारावे. कोणते यंत्र त्याच्याकडे वारंवार येते, हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक नसते.

याखेरीज एक साधा हिशेब करावा. समजा, एक मशीन अठरा हजारांचे आहे आणि ते बारा वर्षे चालले, तर वर्षाला दीड हजार पडले. दुसरे बेचाळीस हजारांचे आहे आणि ते सहा वर्षे चालले, तर वर्षाला सात हजार पडले. भिशीचा हिशेब तोंडपाठ असणाऱ्या आपण. हा हिशेब आपल्याला अवघड नाही.

इतके करूनही फसगत झाली तर गप्प बसू नये. आपल्या पुण्यातच १९७४ साली बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीचे काम उभे केले, आणि १९८६ साली देशाला ग्राहक संरक्षणाचा कायदा मिळाला. त्याच्या जागी आलेला २०१९ चा नवा कायदा २०२० च्या जुलैपासून लागू आहे. त्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्याच्याच आयोगाकडे तक्रार करता येते. वकील द्यावाच लागतो असे नाही, आणि वस्तूसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. मात्र तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज व्हावा लागतो. त्याआधी १९१५ या क्रमांकावर फोन करून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे तक्रार नोंदवावी. आमच्या बोर्डाचे सहा आठवड्यांचे घोंगडे तेथे तक्रार गेल्यावर नऊ दिवसांत सुटले, आणि किंमतही निम्मी झाली. जो बोर्ड मिळत नव्हता तो मिळाला!

फ्रान्समध्ये २०२१ साली वॉशिंग मशीनसारख्या काही वस्तूंवर दुरुस्ती किती सोपी आहे याचे दहापैकी गुण छापणे सक्तीचे झाले. आपल्या सरकारनेही २०२२ च्या डिसेंबरात दुरुस्तीच्या हक्कासाठी एक पोर्टल सुरू केले आणि कंपन्यांनी दुरुस्तीची माहिती तेथे द्यावी अशी योजना केली. ही चांगली सुरुवात आहे. पण सरकारचे गुण छापून येईपर्यंत आपण वाट का पाहावी?

म्हणून माझी मंडळाला एक सूचना आहे. कारखान्यातील यंत्राच्या कार्डासारखी एक वही मंडळाच्या कपाटात ठेवावी. प्रत्येक सभासद भगिनीने आपल्या घरातील यंत्राची कंपनी, खरेदीची तारीख, किंमत, ते केव्हा बिघडले, काय बदलले आणि किती खर्च आला, एवढे त्यात लिहावे. दोन-तीन वर्षांत ती वही कोणत्याही जाहिरातीपेक्षा खरे बोलू लागेल. दिवाळीच्या खरेदीला निघण्यापूर्वी आपल्या लेकीसुनांनी ती एकदा चाळावी. शंभर घरांचा अनुभव हाती घेऊन दुकानात शिरणाऱ्या बाईला 'काकू, हे स्मार्ट आहे' एवढे सांगून भागणार नाही.

वहीचे पहिले पान मी भरून आणले आहे. ते चिटणीसबाईंच्या स्वाधीन करते. कार्यक्रम संपल्यावर चहा घेता घेता आपणही दोन-दोन ओळी लिहाव्यात, अशी विनंती करते.