सुटींतील युरोप

आजकाल आपल्या शहरांतील पुष्कळ घरांतून एखादा मुलगा किंवा एखादी मुलगी उच्च शिक्षणासाठीं युरोपांत गेलेली असते. पूर्वीं विलायतेस निघालेल्याला निरोप द्यावयास सारी आळी लोटत असे. आतां शेजाऱ्यांना ती बातमी चार दिवसांनीं कळते. अशा घरांत दरवर्षीं सुटीच्या सुमारास एक लहानसा वाद ठरलेला असतो. मुलें कळवितात कीं, मित्रमंडळींबरोबर चार शहरें हिंडून येणार आहों. आई विचारते, "सोबत कोण?" वडील विचारतात, "खर्च किती?" आणि शिक्षणाच्या कर्जाचे हप्ते त्यांच्या डोक्यावर असतील तर ते असेंहि विचारतात कीं, "तुला शिकावयास पाठविलें आहे कीं फिरावयास?" हा शेवटचा प्रश्न रास्त आहे. तो हंसण्यावारी नेऊन चालणार नाहीं. आज त्याच प्रश्नासंबंधीं चार शब्द बोलावे असा विचार आहे.

मीं स्वतः युरोप पाहिलेला नाहीं. माझा जन्म प्राथमिक शाळेंत मुलें शिकविण्यांत गेला, आणि सहली नेल्या त्या वेरूळ, रायगड, फार तर विजापूरपर्यंत. परंतु माझी एक भाची जर्मनींत कार्ल्सरूह या शहरीं शिकते. गेल्या सप्टेंबरांत ती तीन मित्रमैत्रिणींसह अकरा दिवसांची सफर करून आली व तिनें मला सविस्तर पत्रें लिहिलीं. तिच्या अनुमतीनें त्यांतील कांहीं भाग आपणांस सांगतों. एक जर्मन मुलगी, फ्रान्सच्या आल्सास प्रांतांतील एक मुलगा, एक हंगेरियन मुलगी आणि आमची भाची, अशी ही चौकडी. शहरें तीनच: स्ट्रासबुर्ग, व्हिएन्ना आणि बुडापेस्ट. त्याच पंधरवड्यांत तिच्या वर्गांतील दुसऱ्या एका टोळीनें नऊ शहरें उरकलीं. परत आल्यावर त्यांतील एकाला आपल्याच छायाचित्रांतील कोणता पूल कोणत्या गांवचा हें सांगतां येईना, असें ती लिहिते.

खर्चाचें प्रथम सांगतों, कारण वडीलधारी मंडळी त्यावांचून पुढें ऐकणार नाहींत. युरोपांतील अनेक देशांच्या रेल्वे मिळून एकच पास देतात. १९७२ सालीं तो प्रथम निघाला तेव्हां २१ वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठींच होता, व त्यावर २१ देशांत फिरतां येई. आतां तो सर्व वयांच्या लोकांना मिळतो. तरुणांना सवलत असते. दुपारचें जेवण म्हणजे दुकानांतून घेतलेला पाव, चीज आणि सफरचंदें. रात्रीचा मुक्काम युवक-वसतिगृहांत. एका खोलींत सहा जणांचे दुमजली पलंग. चादर आपली आपण घालावयाची, आणि निघतांना आपणच काढून द्यावयाची.

हीं वसतिगृहें कोणी काढलीं हें वाचलें तेव्हां माझ्यासारख्या शाळामास्तराची छाती थोडी फुगली, हें सांगावयास हरकत नाहीं. रिचर्ड शिरमान हा जर्मनींतील आल्टेना गांवचा शिक्षक. मुलांना वर्गाबाहेर काढून रानावनांतून पायीं हिंडविण्याचा त्याला नाद. १९०९ च्या ऑगस्टांत अशाच एका पदयात्रेंत वादळानें त्यांना गांठलें. एका खेड्यांतील शाळेंत आसरा मिळाला. पेंढ्यावर अंग टाकून मुलें झोपीं गेलीं. मास्तर मात्र जागाच राहिला. त्याच्या मनांत आलें कीं, सुटींत गांवोगांवच्या शाळा ओस पडलेल्या असतात. बांकें बाजूला सारून तेथें गवताच्या गाद्या घातल्या, तर गरिबांच्या मुलांनाहि आपला देश पाहतां येईल. १९१२ सालीं आल्टेनाच्या जुन्या किल्ल्यांत पहिलें कायमचें वसतिगृह निघालें, आणि १९३२ सालीं ॲम्स्टरडॅम येथें अनेक देशांतील अशा संस्थांचा संघ स्थापन झाला. पुढच्याच वर्षीं जर्मनींत नाझी पक्षाच्या हातीं सत्ता आली व तेथील वसतिगृहें त्या पक्षाच्या तरुण-संघटनेच्या ताब्यांत गेलीं. ज्या छपराखालीं परक्या मुलाला गरम सूप वाढलें जाई, त्याच छपराखालीं परक्याचा द्वेष पढविला जाऊं लागला! युद्धानंतर ती चळवळ पुन्हां उभी राहिली, आणि १९६१ सालीं वारण्यापूर्वीं शिरमानला तें पाहावयास मिळालें. चांगली संस्था एकदां काढली म्हणजे ती चांगलीच राहते असें नाहीं. तिच्यावर पहारा लागतो. आमच्या भाचीच्या साऱ्या प्रवासांत हाच धडा तिच्यापुढें निरनिराळ्या रूपांनीं येत गेला.

स्ट्रासबुर्ग हें फ्रान्सचें शहर, ऱ्हाइन नदीच्या कांठचें. पलीकडे जर्मनीचें केल गांव. २००४ सालीं नदीवर पायीं जाणाऱ्यांसाठीं एक पूल बांधला गेला. चौघेहि त्या पुलावरून चालत फ्रान्समध्यें गेले. त्या दिवशीं तेथें एकहि शिपाई उभा नव्हता. आया लहान मुलांच्या गाड्या ढकलीत एका देशांतून दुसऱ्या देशांत फेरफटका करीत होत्या. शहराच्या मध्यभागीं तांबूस दगडाचें प्रचंड मंदिर आहे. त्याचा १४२ मीटर उंचीचा मनोरा १४३९ सालीं पुरा झाला. महाकवि गटे येथें कायद्याचा विद्यार्थी असतांना त्याला उंचीची भीति वाटे; ती मोडावी म्हणून तो मुद्दाम या मनोऱ्यावर चढून जाई. आमच्या भाचीलाहि ती भीति आहे. ती निम्म्या जिन्यावर बसली. मग हंगेरियन मैत्रीण मागें व जर्मन मैत्रीण पुढें अशी राहून दोघींनीं तिला वर नेलें.

परंतु ज्या जागीं तिचा पाय खिळला ती जागा ही नव्हे. हें शहर १८७१ सालीं जर्मनीकडे गेलें, १९१८ सालीं फ्रान्सकडे आलें, १९४० सालीं पुन्हां जर्मनीनें घेतलें आणि १९४४ सालीं पुन्हां फ्रान्सला मिळालें. म्हणजे १८७० सालीं जन्मलेल्या एखाद्या म्हातारीनें आपलें घर न सोडतां चार वेळां राज्य बदललेलें पाहिलें असेल. अशा गांवीं युद्धांत पडलेल्यांचें स्मारक उभारावयाचें तर वीर कोणाला म्हणावयाचें? १९३६ सालीं उभारलेल्या त्या स्मारकावर एक आई आहे आणि तिच्या आधारानें टेकलेले तिचे दोन मरणोन्मुख मुलगे आहेत. एक फ्रान्ससाठीं लढला, एक जर्मनीसाठीं. शिल्पकारानें दोघांच्याहि अंगावर गणवेश ठेवलेला नाहीं, त्यामुळें कोणता कोणाचा हें ओळखूं येत नाहीं. खालीं लेख आहे तो एवढाच कीं, आमच्या मृतांना.

तेथें उभें असतां आल्सासचा मुलगा सहज बोलावें तसें बोलला. दुसऱ्या महायुद्धांत १९४२ पासून या भागांतील सुमारें १,३०,००० तरुणांना जर्मन सैन्यांत सक्तीनें भरती करण्यांत आलें. त्यांत त्याचे पणजोबा होते. त्यांचा धाकटा भाऊ मात्र आधींच निसटून फ्रेंच सैन्यास मिळाला होता. दोघेहि जिवंत परतले. पण पुढें कित्येक वर्षें एका ताटाला बसले नाहींत. जर्मन मुलगी त्याच्याबरोबर दोन वर्षें एका बांकावर बसून गणित शिकली होती; ही हकीकत तिला त्या दिवशीं प्रथम कळली. मित्र म्हणजे काय, हें कांहीं वेळां वर्गाबाहेर पडल्यावांचून कळत नाहीं.

व्हिएन्नाचें संगीत-नाट्यगृह जगप्रसिद्ध आहे. बसण्याचीं तिकिटें विद्यार्थ्यांच्या आंवाक्याबाहेरचीं. परंतु उभ्यानें ऐकणाऱ्यांसाठीं फार स्वस्त जागा असतात. तेथें आपली जागा राखावयाची जुनी रीत अशी कीं, समोरच्या दांड्याला मफलर बांधून ठेवावयाचा. आपल्याकडे एस. टी.च्या खिडकींतून रुमाल टाकणाऱ्यांना ही रीत निराळी शिकवावी लागणार नाहीं! १२ मार्च १९४५ रोजीं या इमारतीवर बाँब पडले आणि रंगमंच व प्रेक्षागृह जळून गेलें. भुकेनें गांजलेल्या शहरानें तें पुन्हां बांधावयास घेतलें, आणि ५ नोव्हेंबर १९५५ रोजीं बेथोव्हेनच्या एकमेव संगीत-नाटकानें त्याचे दरवाजे उघडले. तीन तास उभें राहून आमच्या भाचीचे पाय भरून आले. पण पत्रांत तक्रार नाहीं.

बुडापेस्टला हंगेरियन मुलीच्या आजीच्या घरीं मुक्काम. डॅन्यूब नदीवरील तेथला साखळी-पूल १८४९ सालचा. जानेवारी १९४५ मध्यें माघार घेणाऱ्या जर्मन सैन्यानें तो उडवून दिला. १९४९ सालीं, बरोबर शंभर वर्षांनीं, तो पुन्हां खुला झाला. जर्मन मुलगी पुलावर खालीं मान घालून चालली होती. तेथून थोड्या अंतरावर, नदीच्या अगदीं धक्क्यावर, लोखंडी पादत्राणांचे ६० जोड मांडलेले आहेत: पुरुषांचे, बायकांचे, लहान मुलांचेहि. १९४४-४५ च्या हिंवाळ्यांत येथें ज्यू लोकांना कांठावर उभें करून, पायांतील जोडे काढावयास लावून, गोळ्या घालीत व प्रेतें नदींत जाऊं देत. जोड्यांना किंमत येई. हें स्मारक २००५ सालचें. तेथें हंगेरियन मुलगी आपल्या जर्मन मैत्रिणीजवळ बसली आणि म्हणाली, "पूल तुमच्या लोकांनीं उडविला; पण येथें गोळ्या झाडल्या त्या आमच्याच लोकांनीं."

श्रोतेहो, बावीस-तेवीस वर्षांच्या मुलीला हें वाक्य बोलतां आलें, याचें मला मोठें मोल वाटतें. दुसऱ्याच्या पूर्वजांचीं पापें मोजण्यास फारशी विद्या लागत नाहीं.

त्या रात्रीं मित्रांनीं आमच्या भाचीला विचारलें, "तुमच्याकडे असें काय आहे?" तिनें १९४७ च्या फाळणीचें नांव घेतलें. ती लिहिते, "मामा, सन आणि तारखा मला सगळ्या आठवल्या, पण त्यांतल्या एकाहि माणसाचें तोंड डोळ्यांपुढें येईना." अमृतसर येथें २०१७ सालीं फाळणीचें संग्रहालय झालेलें आहे. देशीं परतल्यावर प्रथम तें पाहावयाचें, असा तिचा बेत आहे.

परतीच्या वाटेवरची एक गोष्ट सांगितल्यावांचून हें चित्र खरें होणार नाहीं. सीमेवरील तपासणी काढून टाकण्याचा करार १९८५ सालीं लक्झेंबर्गमधील शेंगेन या खेड्यापाशीं पांच देशांनीं केला व १९९५ सालीं तो अंमलांत आला. पण गेल्या कांहीं वर्षांत अनेक देशांनीं तपासणी पुन्हां सुरू केली आहे. जर्मनीनें तर सप्टेंबर २०२४ पासून आपल्या सर्व भू-सीमांवर ती ठेवली. गाडी जर्मनीच्या हद्दींत शिरतांच अंमलदार डब्यांत आले. तिघांच्या कागदांवर त्यांनीं नुसती नजर टाकली. आमच्या भाचीचें पारपत्र आणि वास्तव्याचा परवाना मात्र उलटसुलट करून बराच वेळ पाहिला. कागद चोख होते. अडचण आली नाहीं. पण ते निघून गेल्यावर डब्यांत कोणी बोलेना. मग हंगेरियन मुलीनें आपल्या आईची आठवण सांगितली. १९ ऑगस्ट १९८९ रोजीं शोप्रोन गांवाजवळ, हंगेरी व ऑस्ट्रिया यांच्या सीमेवर, दोन्ही देशांच्या लोकांनीं एक वनभोजन योजिलें होतें. त्यासाठीं कांहीं तास फाटक उघडावयाचें ठरलें होतें. ती संधि साधून पूर्व जर्मनीचे सहाशेंहून अधिक लोक पलीकडे पळाले, आणि पहारेकऱ्यांनीं गोळी झाडली नाहीं. तिची आई तेव्हां शाळकरी मुलगी होती व त्या गर्दींत होती. "फाटक उघडणारींहि माणसेंच आणि पुन्हां लावणारींहि माणसेंच," असें ती म्हणाली म्हणे.

आतां वडिलांच्या प्रश्नाकडे येतों. शिकावयास पाठविलें कीं फिरावयास? माझें उत्तर असें कीं, अशा रीतीनें फिरणार असेल तर तें शिक्षणांतच धरावें. मात्र मुलांना परवानगी देतांना तीन गोष्टी मागून घ्याव्या. शहरें थोडीं घ्यावीं आणि प्रत्येक ठिकाणीं निदान तीन दिवस राहावें. सोबत्यांमध्यें निदान एक तरी त्या देशाचा असावा. आपल्याच गांवच्या पांच जणांनीं युरोप हिंडून पोहे आणि भेळ यांच्याच गप्पा मारल्या, तर तो प्रवास येथेंहि झाला असता. आणि रोज रात्रीं, अंग कितीहि दुखत असलें तरी, एक पान लिहावें. मोबाईलमधील हजार चित्रें पुढच्या वर्षीं कोणी पाहत नाहीं. लिहिलेलें पान नातवंडेंहि वाचतात.

आपल्या मुलाचें पान आलें म्हणजे खर्चाचा हिशेब बाजूला ठेवून तें आधीं वाचावें, आणि घरांत मोठ्यानें वाचून दाखवावें. मग जेवतांना त्याला आणखी चार प्रश्न विचारण्याजोगे सुचतील, आणि "कोठें कोठें गेला होतास?" हा प्रश्न त्यांत बहुधा शेवटीं येईल.