सहा बाण आणि एक आकाशकंदील

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला ‘संगणक क्षेत्रातील संधी’ असा विषय दिला होता. मी म्हटलं, त्यावर आता आपलीच मुलं आपल्याला चार गोष्टी सांगतात. मला बाणांबद्दल बोलू द्या. फोनवर जरा वेळ शांतता होती. मग उत्तर आलं, “बरं, पण दहा मिनिटंच हं.”

दीड वर्षापूर्वी मुलीला तिरंदाजीच्या वर्गाला सोडायला जायचे. दोन तास गाडीत बसून मोबाइल बघण्यापेक्षा एक दिवस मीही धनुष्य उचललं. आपल्याकडे ‘इंडियन राउंड’ नावाचा एक प्रकार आहे. त्यात बांबूचं धनुष्य असतं, नेम धरायला कसलं उपकरण नसतं, आणि ३० आणि ५० मीटरवरून निशाण साधायचं असतं. म्हटलं, यात बिघडण्यासारखं काही नाही. पण बाण बिघडतात. पिसं सुटतात, दांडी तडकते, आणि गवतात गेलेला बाण तर पाय पडल्याशिवाय सापडत नाही. शेवटी ठरवलं, बाण घरीच करायचे. मी इंजिनिअर आहे, तीन पिसं चिकटवायला असं काय लागतं?

पहिला बाण सोडला तेव्हा तो जत्रेतल्या खेळण्यासारखा लटपटत गेला आणि आडवा पडला.

कारण सांगते. बाणाचं टोक जड असतं आणि मागच्या पिसांना हवा अडते, म्हणून शेपूट मागेच राहते आणि बाण सरळ जातो. पिसं जराशी तिरकी लावली की बाण स्वतःभोवती फिरतो आणि आणखी स्थिर होतो. पण पिसाला जन्मतःच बाक असतो. डाव्या पंखाच्या पिसाचा एका बाजूला, उजव्या पंखाच्या पिसाचा दुसऱ्या बाजूला. म्हणून एका बाणाला तिन्ही पिसं एकाच बाजूच्या पंखाची लागतात. मी टर्कीच्या पिसांची दोन पाकिटं मागवली होती, पांढरी डाव्या पंखाची आणि लाल उजव्या पंखाची. तसं पाकिटावर छापलेलंही होतं. वीस वर्षं लोकांना ‘आधी सूचना वाचा’ असं सांगणाऱ्या बाईने ते वाचलं नाही. दोन पांढरी आणि एक लाल अशी सुरेख दिसतील तशी लावली. दोघं एकीकडे फिरवतायत, तिसरं उलटीकडे. बिचारा बाण काय करणार?

तिसरं पीस वेगळ्या रंगाचं ठेवतात ते खरं. मागे दोरी अडकवायची जी खाच असते तिला ते काटकोनात लावायचं आणि बाण चढवताना धनुष्यापासून बाहेरच्या बाजूला ठेवायचं. इंग्रजीत त्याला कोंबडा म्हणतात आणि बाकीच्या दोन कोंबड्या. तिघांमध्ये १२० अंश हवेत. त्यासाठी विकत साचा मिळतो. मी मुलीच्या कंपासपेटीतला कोनमापक घेतला आणि पुठ्ठ्याची चकती कापली. नंतर कळलं की त्याहून सोपं आहे. दांडी ८ मिलिमीटर जाडीची असेल तर तिचा घेर साधारण २५ मिलिमीटर. तेवढी कागदाची पट्टी गुंडाळायची आणि दर ८.४ मिलिमीटरवर खूण करायची. वर्तुळाचा परीघ कधी उपयोगी पडणार, असं मी आठवीत सरांना विचारलं होतं. सर, पडला.

पिसं जमली, पण बांबू जमेना. घरी आणलेल्या काठ्या वाकड्या होत्या. हाताने सरळ करायला गेले की मोडत, खाच कापायला गेले की उभ्या चिरत. महिनाभरात अकरा मोडल्या. मग आपल्या वर्गाच्या ग्रुपवर नंबर शोधून मी एकाला फोन केला. त्याचा मांडव घालायचा व्यवसाय आहे. तो आज इथे बसलाय. नाव घेऊ नकोस म्हणालाय, म्हणून घेत नाही.

मी म्हटलं, “अरे, मला बाणासाठी बांबू सरळ करायचाय.” तो हसला नाही. म्हणाला, “कच्चा आहे की वाळलेला?” हा प्रश्नच मला कधी पडला नव्हता. आठवड्याने त्याने सावलीत वाळवलेल्या बारीक काठ्यांची जुडी पाठवली आणि व्हिडिओ कॉलवर माझ्याकडून काम करून घेतलं. वाकलेली जागा गॅसवर शेकायची, पण एका जागी धरायची नाही, फिरवत राहायची. साल चकाकायला लागली की कडेला दाबून उलट वाकवायची आणि गार होईपर्यंत सोडायची नाही. मी दर वेळी आधीच सोडायचे. “थांब गं. तुला कसली घाई आहे?” हे त्याने किती वेळा म्हटलं ते मोजलं नाही. खाच अशी कापायची की लगेच खाली बांबूची गाठ येईल, म्हणजे चीर गाठीशी अडते. वर डिंक लावून दोरा घट्ट गुंडाळायचा.

त्याचे हात पडद्यावर बघत होते आणि मला नववीतलं कार्यानुभव आठवलं. बाई, हे तुम्हालाही ऐकायचं आहे.

आपल्याला बांबूच्या कामट्यांचा आकाशकंदील करायचा होता. माझा मी केलाच नाही. शिकवणी होती, गणिताची परीक्षा होती, मी ‘हुशार’ होते. याने तो मला करून दिला, आणि त्यापायी स्वतःचा दोन दिवस उशिरा दिला. त्याला ‘क’ श्रेणी मिळाली आणि सगळ्यांसमोर बोलणी बसली. माझ्या नावाची चिठ्ठी लावलेला कंदील तालुक्याच्या प्रदर्शनात गेला आणि त्याला बक्षीस मिळालं. तो ओरडा खात असताना मी दुसऱ्या बाकावर खाली मान घालून बसले होते. तो काही बोलला नाही. मीही नाही, सव्वीस-सत्तावीस वर्षं.

फोनवर हे बोलून दाखवलं तेव्हा तो म्हणाला, “मला आठवतंय की.” पुढे काहीच नाही. मग म्हणाला, “दांडी फिरव, जळतेय.” जळली होती. तिचा तपकिरी डाग अजून आहे.

आता थोडं कामाचं. सगळ्या दांड्या सारख्याच ताठ लागतात, कारण दोरी सुटते तेव्हा बाण धनुष्याला वळसा घालताना चक्क वाकतो. उजव्या हाताने ओढणाऱ्याचा फार ताठ बाण डावीकडे जातो, फार लवचीक असला तर उजवीकडे. मोजायची जुनी रीत अशी: दांडी २६ इंच अंतरावरच्या दोन टेकूंवर ठेवायची, मध्ये दोन पौंड वजन टांगायचं आणि किती इंच वाकली ते बघायचं. २६ला त्या आकड्याने भागलं की किती पौंडांच्या धनुष्याला ती चालेल ते कळतं. माझं धनुष्य २६ पौंडांचं, म्हणजे बरोबर एक इंच. मी ९०७ ग्रॅम साबुदाणा पिशवीत घालून टांगला. वीस काठ्यांतून सहा निघाल्या. खिचडी मात्र सगळ्यांना पुरली.

कुणाला करून बघायचं असेल तर दोन गोष्टी विसरू नका. पिसाच्या पुढच्या टोकावर दोरा गुंडाळाच. बाण मुठीवरून घासत जातो आणि उचकटलेलं टोक कातडी फाडतं. माझ्या हातावर खूण आहे. आणि बांबूचा बाण चढवण्याआधी दर वेळी हलकेच वाकवून कान लावा. करकरला तर मोडून टाका, जीव अडकवू नका. ताणलेल्या दोरीवर तडकला तर तो हातात घुसतो.

ते सहा बाण मी आणलेत. डागाचा तिसरा. ३० मीटरवरून सहातले चार निशाणावर लागतात, डागाचा बहुधा त्यात असतो.

प्रदर्शनाचं प्रमाणपत्रही आणलंय. आईने फ्रेम करून ठेवलं होतं, काच काढून आणलं. त्यावरचं नाव मी स्वतः खोडलेलं नाही. बाई, ते तुमच्या अक्षरात आहे, तुम्हीच दुरुस्त करा. पेन आहे माझ्याकडे.

बाण बाहेर चहाच्या टेबलाशेजारी ठेवलेत. हात लावून बघा, टोकं काढून ठेवली आहेत. धनुष्य आणायला शाळेने परवानगी दिली नाही, आणि समोरच्या काही जणांना नववीपासून ओळखत असल्यामुळे मीही आग्रह धरला नाही.