पाण्यात प्राणवायू कमी पडतो तेव्हा

(किनारपट्टीच्या तालुक्यातील प्राथमिक शिक्षकांपुढे दिलेले भाषण)



मासे कल्ल्यांनी पाण्यातील हवा घेतात व पाण्याबाहेर काढले की मरतात, एवढे सांगून आपण पुढच्या धड्याकडे वळतो. वाक्य खोटे नाही. परंतु खाडीकाठच्या मुलाने चिखलावर उड्या मारणारी निवटी पाहिलेली असते, आणि बाजारात पाटीमध्ये कितीतरी वेळ जिवंत राहणारी मरळही पाहिलेली असते. तो वाक्य पाठ करतो, पण मनातून मानीत नाही. आजचे माझे बोलणे त्या मुलाच्या बाजूचे आहे.

प्रथम पाण्याची गरिबी ध्यानात घ्यावी. एक लिटर हवेत सुमारे २१० मिलिलिटर प्राणवायू असतो. २५ अंश सेल्सिअस तापमानाच्या एक लिटर गोड्या पाण्यात तो फार तर ६ मिलिलिटर मावतो. खाऱ्या पाण्यात त्याहूनही कमी. पाणी तापू लागले की हा अंश घटतो, आणि नेमकी तेव्हाच माशाची गरज वाढते. थंड पाण्याचा पेला उन्हात ठेवला तर काचेला आतून बारीक बुडबुडे चिकटतात. ती पाण्यातून सुटलेली हवा मुलांना अवश्य दाखवावी. मासा घुसमटवून दाखविण्याचा प्रयोग मात्र कोणी करू नये. तो धडा विज्ञानाचा राहत नाही.

अशा तुटपुंज्या शिध्यावर मासा जगतो तो कल्ल्यांच्या रचनेमुळे. तेथील नाजूक पापुद्र्यांत रक्त एका दिशेने वाहते व पाणी उलट दिशेने, त्यामुळे पाणी बाहेर पडेपर्यंत रक्ताला त्यातून काही ना काही मिळत राहते.

तळ्यातील वनस्पती व शेवाळ दिवसा प्राणवायू सोडतात. रात्री मात्र सगळेच तो खर्च करतात. म्हणून पहाटे टंचाई सर्वांत अधिक. त्या वेळी मासे वर येऊन तोंडे उघडमीट करताना दिसतात. त्यांतील बहुतेक हवा गिळीत नसतात. हवेला लागून असलेला पाण्याचा पातळ थर ते कल्ल्यांवरून नेत असतात, कारण थोडाफार प्राणवायू तेवढ्यातच उरलेला असतो. मरळ, मागूर आणि शिंगी या खरोखर हवा घेतात. त्यासाठी त्यांना कल्ल्यांखेरीज निराळी इंद्रिये आहेत. मरळीला वर येऊ दिले नाही तर ती पाण्यातच गुदमरून मरते. मासा बुडून मरतो हे ऐकून मुले हसतील. हसू द्यावे; ती विसरणार नाहीत.

निवटीची हकीकत याहून सरस आहे. तिच्या बिळातील पाण्यात प्राणवायू जवळजवळ नसतो. बाहेर असताना ती ओलसर कातडीतून व तोंडाच्या अस्तरातून हवेतील प्राणवायू घेते. पण बिळातील अंड्यांचे काय? जपानच्या किनाऱ्यावरील तिच्या एका जातभाईचा यासाठी अभ्यास झाला आहे. त्यातील नर तोंडात हवा भरून बिळात नेतो व आतल्या कोठडीत सोडतो. अशा खेपांनी तेथे हवेचा साठा होतो आणि कोठडीतील अंडी त्या हवेत वाढतात. पिल्ले निघावयाची वेळ झाली की तीच हवा तो तोंडाने बाहेर काढतो, कोठडीत भरतीचे पाणी शिरते आणि अंडी फुटतात.

कालवांना असे कोठे जाता येत नाही. ओहोटी लागली की कालव शिंपा घट्ट मिटते, शरीराचा सारा कारभार मंद करते आणि प्राणवायूवाचून मिळेल तेवढ्या शक्तीवर भरतीची वाट पाहते.

आपल्या अरबी समुद्रात सुमारे १५० ते १००० मीटर खोलीवर प्राणवायूच्या दुर्भिक्षाचा एक जाड थर आहे. कित्येक ठिकाणी तेथे तो शून्याला टेकलेला असतो. तरीही छोटे कंदीलमासे दिवसा त्या थरात दडतात, आणि रात्री चरावयास वर येतात. पावसाळ्याच्या उत्तरार्धात खालचे असे पाणी पश्चिम किनाऱ्याच्या उथळ भागाकडे सरकते. ही किनाऱ्यालगतची टंचाई पूर्वीपेक्षा तीव्र झाली असून खतांतून वाहून येणारे नत्र हे त्याचे कारण असावे, असे गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी २००० साली मांडले. पोहणारे मासे अशा वेळी जागा बदलतात. तळाशी रुतलेल्या शिंपल्यांना ती सोय नाही.

आता हा विषय मुद्दाम का निवडला ते सांगतो. गावतळ्यातील मासे एका सकाळी पोट वर करून तरंगू लागले की कोणीतरी विष घातले अशी आवई उठते, आणि संशय बहुधा गावातील दुबळ्या घरावर जातो. अशा वेळी गुरुजींना किंवा बाईंना विचारले जाते. विषप्रयोग होतच नाहीत असे नव्हे. परंतु आधी पाहावे : मासे पहाटेच्या सुमारास मेले काय? आदल्या दिवसांत आभाळ भरलेले होते काय? तळ्यात निर्माल्य वा पाला कुजत होता, पाण्यावर हिरवी साय धरली होती काय? आणि मुख्य म्हणजे, इतर मासे मेले असता मरळ, मागूर व बेडूक जिवंत आहेत काय? तसे असेल तर प्राणवायूच्या टंचाईचा संभव अधिक. विष सहसा अशी निवड करीत नाही. हा अखेरचा पुरावा मात्र नव्हे. स्वच्छ बाटलीत पाण्याचा नमुना भरावा, तारीख व वेळ लिहावी, मत्स्यव्यवसाय विभागास त्याच दिवशी कळवावे, आणि तपासणी होईपर्यंत चावडीवर कोणाचे नाव निघू देऊ नये.