पाळक कोणीं नेमावा?
(येलदरी येथील भाषण)



पूर्णेचें पाणी आपल्या येलदरीस अडतें आणि कालवे निघतात ते खालीं सिद्धेश्वराहून. वस्तु एकाच्या दारांत व किल्ली दुसऱ्याच्या हातांत, हा प्रकार तुम्हांस नवा नाहीं. धर्माच्या कामांतही तेंच. देऊळ बांधतो गांव. पण पुजारी, जोशी, पाळक कोणीं नेमावा? या प्रश्नावरून स्कॉटलंड देशांत मोठी फूट पडली, आणि तिची लाट आपल्या मराठवाड्यांत जालन्यापर्यंत आली.

तेथील चर्च कॅल्व्हिनच्या मताचें. मत मोठें कडक. शास्त्रांत असेल तेवढेंच प्रमाण, रविवारीं कामधंदा बंद, मूर्ति नाहीं, थाट नाहीं. पण कारभारांत मंडळींतले साधे गृहस्थ ‘वडील’ म्हणून पाळकाच्या शेजारीं बसून निर्णय करीत. १७१२ च्या कायद्यानें मात्र पाळक नेमण्याचा हक्क जमीनदारांस मिळाला. मंडळी नको म्हणे, तरी कोर्ट जमीनदाराची बाजू घेई. अखेर १८४३ च्या मे महिन्यांत सुमारें ४७० पाळक घर, पगार व चर्च सोडून निघाले आणि ‘फ्री चर्च’ उभें राहिलें. कित्येक जमीनदारांनीं जागा दिली नाहीं, तेव्हां उघड्यावर उपासना झाल्या. तो कायदा रद्द व्हावयास १८७४ साल उजाडलें. जुन्या मताचा माणूस सर्वच बाबतींत मागें ओढतो असें समजूं नका, तें यासाठीं.

मुंबई-पुण्याचे स्कॉटिश मिशनरीही फ्री चर्चकडे गेले. त्याच १८४३ सालीं रॉबर्ट नेस्बिट यांनीं मुंबईंत नारायण शेषाद्रि या ब्राह्मण तरुणास बाप्तिस्मा दिला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत अल्पवयी. कोर्टानें त्यास बापाच्या हवालीं केलें. मग त्याला जातींत घ्यावें कीं नाहीं यावर केवढा वाद! बाळशास्त्री जांभेकरांनीं त्याची बाजू घेतली. मातंगाच्या पोराला शाळेची पायरी चढूं देत नसत, त्याचा एवढा खल झाला असता तर!

नारायणराव १८५४ सालीं पाळक झाले व पुढें निजामाच्या मुलखांत जालन्यास आले. त्यांच्याभोंवतीं जमले ते बहुतेक मातंग लोक. सालारजंगांकडून जमीन मिळवून त्यांनीं जालन्याजवळ बेथेल नांवाचें गांव वसविलें. वेशीबाहेरच्यांना स्वतःची वेस मिळाली. १८७३ सालीं ते न्यूयॉर्कच्या ख्रिस्ती परिषदेसही जाऊन आले. हें सारें मी आदरानेंच सांगतों. पण एक शंका मनांतून जात नाहीं. जमीन आली ती पाळकाच्या शब्दावर. ज्याच्या शब्दावर आपलें घर उभें, त्याला भर मंडळींत ‘नाहीं’ कोण म्हणणार? स्कॉटलंडांत जमीनदार निराळा व पाळक निराळा, म्हणून भांडतां तरी आलें.

जोतीराव फुले पुण्यास स्कॉटिश मिशनच्याच शाळेंत शिकले. ते ख्रिस्ती झाले नाहींत. पण १८७३ सालीं सत्यशोधक समाज काढून त्यांनीं भटजीवांचून लग्नें लावून दाखविलीं. स्कॉटलंडची मंडळी पाळक निवडूं पाहत होती. जोतीरावांनीं मध्यस्थच नको म्हटलें.

आतां निवडणुकीच्या आदल्या रात्रीं कोणी महाराज, मौलवी कीं पाळक मत कोणास द्यावें हें सांगावयास आला, तर घोंगडी टाकून त्यांस बसवा, चहा पाजा, आणि विचारा: महाराज, आपली नेमणूक कोणीं केली, आणि हिशेब कोणापुढें ठेवतां?