चार पेनल्टी आणि पुढची 38 वर्षं

आजचा एपिसोड फुटबॉलचा आहे, पण फुटबॉल न बघणाऱ्यांनी लगेच स्किप करू नका. गोष्ट एका गोलकीपरची आहे. नाव हेल्मुट डुकादाम, देश रोमानिया. यूट्यूबवर हे नाव टाकलंत तर एकच क्लिप पुन्हा पुन्हा समोर येते. मिशीवाला उंच माणूस, चार पेनल्टी, चार सेव्ह. मीही ती बघितली आणि मग शोधायला लागलो की ह्याच्या पुढच्या मॅचेस कुठायत? तर त्या जवळपास नाहीतच. का नाहीत, तेच आज बोलू.

आधी तो माणूस. जन्म 1 एप्रिल 1959, गाव सेमलाक. हे पश्चिम रोमानियात, अराद जिल्ह्यात, हंगेरीच्या सीमेजवळ आहे. घरची मंडळी तिथल्या जर्मन भाषिक समाजातली, म्हणून नाव असं जर्मन वळणाचं. अरादच्या यूटीए क्लबकडून खेळून नाव झालं आणि 1982 मध्ये तो राजधानीत, स्टेआवा बुखारेस्टकडे आला. स्टेआवा म्हणजे रोमानियन आर्मीचा क्लब. देशात तेव्हा चाउशेस्कूची हुकूमशाही होती. नॅशनल टीमकडून डुकादाम खेळला फक्त 2 मॅचेस. म्हणजे स्टार वगैरे अजिबात नव्हता.

आता तारीख 7 मे 1986. युरोपियन कपची फायनल, म्हणजे आज आपण जिला चॅम्पियन्स लीग म्हणतो ती. शहर सेव्हिया, स्पेन. समोर बार्सिलोना. स्पेनमध्येच स्पॅनिश टीम, त्यामुळे स्टेडियम जवळजवळ सगळं त्यांचंच. बार्सिलोनाने हा कप तोवर एकदाही जिंकला नव्हता आणि ह्या वेळी तो आपलाच, असं सगळे धरून चालले होते. 120 मिनिटं झाली, स्कोअर 0-0. पेनल्टी शूटआउट!

जरा गणित करू. पेनल्टी स्पॉट ते गोललाइन अंतर 11 मीटर. बॉल ताशी 100 किलोमीटरने आला तर पोचायला साधारण 0.4 सेकंद. गोल 7.32 मीटर रुंद. किक बसल्यावर विचार करायला वेळच नाही. म्हणून कीपरला बऱ्याचदा आधीच ठरवावं लागतं, उजवीकडे की डावीकडे.

पहिली किक स्टेआवाची. माझारूने मारली, बार्सिलोनाचा कीपर उरूतीने अडवली. मग अलेसांको आला. डुकादाम स्वतःच्या उजवीकडे झेपावला, सेव्ह. स्टेआवाच्या बोलोनीची किक परत उरूतीने अडवली. पेद्राझा आला. डुकादाम पुन्हा उजवीकडे, सेव्ह. चार किक झाल्या आणि स्कोअर अजून 0-0!

मग लाकातुशने जोरात मारली, बॉल क्रॉसबारला लागून आत. आता आला पिची अलोन्सो. ह्याच माणसाने सेमीफायनलच्या दुसऱ्या मॅचमध्ये तीन गोल मारून बार्सिलोनाला इथवर आणलं होतं. डुकादामने पुढे मुलाखतींत आपला हिशोब सांगितलाय, तो साधारण असा: दोनदा उजवीकडे गेलोय, म्हणजे ह्याला वाटणार की आता मी बाजू बदलेन. म्हणून तिसऱ्यांदाही उजवीकडेच. सेव्ह! बालिंटने गोल केला, 2-0. शेवटी मार्कोस. आता मात्र डुकादामने बाजू बदलली, डावीकडे गेला. चौथा सेव्ह. पूर्व युरोपातल्या क्लबने हा कप पहिल्यांदाच जिंकला. तेव्हापासून त्याचं नाव पडलं 'सेव्हियाचा हिरो'.

त्याचं वय तेव्हा 27.

आणि काही आठवड्यांतच, त्याच उन्हाळ्यात, उजव्या हाताच्या रक्तवाहिनीत गुठळी झाली. ऑपरेशन करावं लागलं. प्रश्न खेळण्याचा नव्हता, हात वाचतो की नाही हा होता. हात वाचला. पण डिसेंबरमध्ये टीम टोकियोला रिव्हर प्लेटविरुद्ध इंटरकॉन्टिनेंटल कप खेळली, तेव्हा गोलमध्ये दुसरा कीपर होता. डुकादाम स्टेआवाकडून परत खेळलाच नाही.

आता अफवा. हिरो अचानक गायब झाला आणि सरकारी पेपर काही नीट सांगत नव्हते. मग लोकांनीच गोष्ट बनवली. बार्सिलोनाला हरवलं म्हणून रियल माद्रिदवाल्यांनी त्याला मर्सिडीज दिली, ती चाउशेस्कूच्या मुलाला हवी होती, ह्याने नाही म्हटलं आणि ह्याचा हात मोडला. एकदम थ्रिलर! आजही ही पोस्ट फिरते. स्वतः डुकादामने हे वर्षानुवर्षं नाकारलं. तो सांगायचा की हा आजार होता, बास. त्याला ती गोष्ट मिरवता आली असती, राजवट पडल्यावर तर फुकट सहानुभूती मिळाली असती. त्याने ती घेतली नाही, हे मला चार सेव्हइतकंच मोठं वाटतं.

पुढे काय? 1989 मध्ये तो पुन्हा मैदानात उतरला, अरादच्या वॅगोनुल नावाच्या छोट्या क्लबकडून, खालच्या डिव्हिजनमध्ये. तिथे दोनेक वर्षं खेळला. मग गावाकडे, सेमलाकला, बॉर्डर पोलिसात नोकरी केली. अमेरिकेच्या ग्रीन कार्ड लॉटरीत नंबर लागला, कुटुंब घेऊन गेला, काही काळाने परत आला. 2010 मध्ये जुन्या क्लबने त्याला अध्यक्ष केलं. 2 डिसेंबर 2024 ला, वयाच्या 65 व्या वर्षी तो गेला.

मी स्वतः आता त्याच वयाच्या आसपास आहे. आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर 'तिशीच्या आत काय अचीव्ह केलं' टाइप लिंक रोज पडतात. डुकादामने तिशीच्या आत युरोप जिंकला. पण त्याला जगायची होती ती पुढची 38 वर्षं. ऑपरेशनं, लहान क्लब, पोलिसाची ड्यूटी, आणि जो भेटेल तो त्या एका रात्रीबद्दलच विचारणार. ती वर्षं क्लिपमध्ये येत नाहीत. त्याच्या करिअरबद्दल कोणी विचारलं तर मी आता ती धरूनच सांगतो.

क्लिप बघालच, तर फक्त चार नका बघू, आठही किक बघा. उरूतीनेही दोन अडवल्या होत्या त्या रात्री, त्याचं नाव कोणी घेत नाही. तुमच्या लक्षात राहिलेला असा कुठला खेळाडू आहे, ज्याचं पुढे काय झालं हे तुम्ही कधी शोधलंच नाही? व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या वेळी ऐकवतो. चला, भेटू!