मुंबईचा साग, हार्टलपूलचे बंदर

लाकडी जहाजाचा वैरी समुद्र, अशी आपली समजूत असते. पण खाऱ्या पाण्यापेक्षा लाकूड अधिक कुजवते ते फटींतून झिरपणारे पावसाचे गोडे पाणी. इंग्लंडातील पोर्टस्मथ बंदरात एके काळी दोन जुनी शिडाची जहाजे शेजारी शेजारी उभी असत. एक १८०० सालचे फ्रेंच, ट्रफाल्गरनंतर इंग्रजांनी पकडलेले ‘इम्प्लॅकेबल’. दुसरे ‘त्रिंकोमाली’, १८१७ साली मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेले, मलबारी सागाचे. ओकमधील आम्लाने लोखंडी खिळे गंजतात. सागाच्या अंगी तेल असते. पण नुसत्या सागाने ते तरले, असे मी म्हणणार नाही.

युद्धानंतर ‘इम्प्लॅकेबल’च्या डागडुजीचा खर्च कुणाला झेपेना. २ डिसेंबर १९४९ रोजी दोन्ही राष्ट्रांचे ध्वज उभारून ते सुरुंगाने बुडवले. मानाने बुडवले म्हणे! बुडवले ते बुडवलेच. ‘त्रिंकोमाली’वर मात्र १९८६ पर्यंत मुले दर्यावर्दी विद्या शिकत राहिली. माणसांचा वावर असला की गळती वेळेवर दिसते. १९८७ साली ते हार्टलपूलला नेले. दुरुस्ती संपायला २००१ साल उजाडले. आज ते तेथे तरंगते आहे, आणि त्यातला बराचसा साग अजून मुंबईच्या सुतारांनी बसवलेलाच आहे.